काडेपेटीतला ठसा

"मास्तर, जरा लाख." एवढंच म्हणून मिस्त्री पोस्टाच्या खिडकीतून हात आत घालायचा. "लाख सरकारी आहे!" असं मी ओरडेपर्यंत त्याने ऊन लाखेचा गोळा काडेपेटीत पाडून त्यात बंदुकीचा एखादा भाग दाबलेलाही असे.

मी चिंचवडच्या पोस्टात होतो तेव्हाची, पन्नास सालानंतरची ही गोष्ट. बोल्ट ओढून चालवायच्या जुन्या रायफली दुरुस्त करणारा आमच्या भागात तो एकटाच परवानेवाला. विलायती सुटे भाग मिळेनासे झाले होते. म्हणून जुळणारा भाग शोधायला मिस्त्री हा लाखेतला ठसा गावोगावच्या कारागिरांना धाडायचा. सोबतचं पत्र मी लिहायचो. भागाचं वर्णन करू लागलो की म्हणायचा, "शब्द राहू द्या. ठसा बोलंल."

"आणि नाहीच मिळाला तर?"

"भाग हाय, मास्तर. पत्ता सापडायचाय फक्त."

आणि महिन्याभरात कुठून तरी भाग यायचाच. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. ती बरोबर ठरतात, आणि म्हणूनच डोक्यात जातात.

एकदा चाकणकडचे एक शेतकरी रायफल घेऊन आले. पलटणीत नोकरी करून परतलेले म्हातारे गृहस्थ. रिकामं काडतूस बाहेर ओढणारा आकडाच तुटला होता, आणि इकडे रानडुकरं रोज भुईमूग उकरत होती. मिस्त्रीने आठ काडेपेट्या धाडल्या. एकीचंही उत्तर येईना. नववी बांधताना मी ठसा नीट पाहिला.

"मिस्त्री, आकडा तर तुटलाय ना? मग ठसा अख्खा कसा?"

त्याने काडेपेटी मिटली. मग म्हणाला, "घरी उस्तादांची रायफल हाय. त्याच जातीची. तिच्या आकड्याचा घेतला."

"मग तोच बसवा की!"

"उस्तादांची हाय ती," म्हणाला आणि गेला. ज्यांनी त्याच्या हातात पहिली कानस दिली त्यांची ती शेवटची निशाणी.

आठ दिवसांनी म्हातारबुवा पोस्टातच येऊन बसले. "मास्तर, आलं का काई? निम्मं रान गेलं. आमी आता खायाचं काय?"

मी मान हलवली. खिडकीशी मिस्त्री उभाच होता. "उद्या या, बाबा," तो म्हणाला. "बसवून ठेवतो."

उस्तादांचा आकडा गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. पण पठ्ठ्याने देण्याआधी डझनभर ठसे काढून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी खिडकीत हात हजर. "मास्तर, जरा पत्र." आता आकडा उस्तादांच्या रायफलीसाठी हवा होता.

दोन वर्षं उत्तर आलं नाही. मग मिस्त्रीच तापाने गेला.

त्यानंतर दीड महिन्याने त्याच्या नावाची काडेपेटी आली. घेणारा मयत असेल तर पार्सल परत धाडायचं, हा नियम. चिमूटभर लाखेसाठी त्या माणसावर वर्षानुवर्षं खेकसलेलो मी. ती पेटी मी सही करून ठेवून घेतली. आत आमचाच ठसा होता, आणि त्यात चपखल बसलेला आकडा.

म्हातारबुवांना निरोप धाडला. मिस्त्रीच्या बायकोने उस्तादांची रायफल काढून दिली. बुवांनी आकडा बसवला, बोल्ट पुढे सारला. खट्ट वाजलं.

"सापडला म्हणायचा पत्ता," ती म्हणाली.

पाठवणाऱ्याला पोच मीच लिहिली. पाकिटावर लाख लावली ती सरकारीच.