सोयाबीनच्या काट्यावर नात

माझी लेक वजनानं गेली, असं गावात म्हणतात. कशानं गेली ते मला अजून माहीत नाही, कारण तिला कधी कोणी नीट तपासलंच नाही. दवाखान्यात नेली की डॉक्टर म्हणायचा, बाई, कमी खा. ती कमीच खायची. भाकर मीच थापत होते, मला दिसत होतं. एक दिवस धुणं वाळत घालताना पडली आणि संपली. जावयानं दुसरं लग्न केलं. नात माझ्याकडे आली. नववीत होती, अंगानं आईवर गेलेली.

म्हणून मोठ्या मेडिकल कॉलेजातले डॉक्टर गावात आले तेव्हा मला बरं वाटलं. लठ्ठ पोरंपोरी आणि मोठी माणसं, दोघांनाही तपासून हे अंग कशानं सुटतं याचा अभ्यास करायचा होता त्यांना. रक्त तपासणार, गरज असेल त्याला औषधपाणी देणार. नात तयार नव्हती. मी म्हटलं, "चाल, तुह्या मायले हे भेटलं नाही."

बुद्धविहाराच्या हॉलमध्ये सगळं मांडलं होतं. त्यांचा वजनाचा काटा ऐन वेळी बंद पडला. मग शेजारच्या व्यापाऱ्याकडून सोयाबीनचे कट्टे मोजायचा काटा आणला. कट्टा म्हणजे आमच्याकडे पोतं. काट्यासोबत मापारीही आला. वजन मोठ्यानं पुकारायचं हे मापाऱ्याचं काम. लिहिणाऱ्याला ऐकू जातं आणि ज्याचा माल आहे त्यालाही कळतं की चोरी नाही. आयुष्यभर त्यानं तेच केलं. नात काट्यावर चढली. त्यानं आकडा पुकारला आणि त्याच सुरात पुढं म्हणाला, "कट्टा उतरवा, दुसरा आना."

सगळा हॉल हसला. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मागून एक म्हणाली, "एका कट्ट्यात कुठी मावते वो, दोन लिहा."

नात खाली उतरली. डॉक्टरांसोबत आलेले, प्रश्न विचारणारे एक सर तिथंच बसले होते. त्यांनी तिला विचारलं, "वजनावरून तुला कोणी चिडवतं का?"

ती म्हणाली, "नाही."

त्यांनी कागदावर 'नाही' असं लिहून घेतलं.

शाळेत पोरं तिला कट्टा म्हणू लागली. तिनं शाळा सोडली. माझ्यासमोर जेवणंही सोडलं. मापारी एकदा घरी आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "मावशी, तोंडाले सवय हाय. म्या पोरीकडं पाह्यलंच नाही." खरं बोलत होता. त्याला काय शिव्या देणार?

मग त्या डॉक्टरांपैकी एक डॉक्टरीणबाई रक्ताचा निकाल घेऊन घरी आल्या. साखर वाढली होती, हृदयावर ताण होता. वाशिमला नेऊन भरती करायला पाहिजे, उशीर करू नका, म्हणाल्या. त्यांची गाडी दारात होती. नातीनं खोलीला आतून कडी लावली.

"उघड माय, काटा नाही आनला त्यायनं."

"तिथी असन."

"मी उभी राह्यतो तुह्यापुढं. कोनाले दिसनार नाही."

"मायले कुठी मोजलं होतं कोनी?"

"नाही मोजलं. म्हनून त गेली."

मला वाटलं, हे बोलायला नको होतं. पण खोटं काय बोलू?

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ वाट पाहिली. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. म्हणाल्या, "आजी, संध्याकाळपर्यंत आम्ही रिठदला आहोत. तिला घेऊन या, तिथून सोबत नेतो."

त्या गेल्यावर मी रिठदला जायला ऑटो बोलावला. ऑटोवाला दारात थांबून हॉर्न वाजवू लागला. तेव्हा कडी निघाली. मला वाटलं, निघाली पोरगी. मी पिशवीत तिचे कपडे भरले. ती चुलीजवळ गेली, पाणी प्यायली आणि तिनं दाराआडून बाहेर पाहिलं.

"त्याले जाऊ दे आजी. सारे पाहून राह्यले."

गल्लीत खरंच सगळे उभे होते. हाताला धरून ओढावी, तर माझ्या अंगात तेवढा जोर नाही. ऊन उतरेपर्यंत मी तिला समजावत बसले. मग बाहेर जाऊन ऑटोवाल्याला परत पाठवलं.