विनायकचा बग

हे मी नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलेलं नाही. तसं पाहिलं तर काय एवढं — प्रोग्रॅममधल्या पाच-दहा ओळींची गोष्ट. पण सांगायला बसले की बसवत नाही. उठते, गॅस बंद आहे का बघून येते. आत्ताही बघून आले.

नव्वदच्या दशकाचा शेवट. तुर्भ्याच्या एका कंपनीत मी प्रोग्रॅमर होते, आणि शेजारच्या टेबलावर विनायक पाटील — मूळचा शिरवण्याचा. नोकरी सांभाळून आम्ही दोघांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता, मराठी मजकूर ब्रेलमध्ये छापणारा. फुकट, सोर्स कोडसकट, म्हणजे आम्ही लिहिलेल्या ओळींसकट. ज्याला हवा त्याने घ्यावा. पेणजवळच्या अंधशाळेत जोशीबाई त्यावर मुलांच्या प्रश्नपत्रिका काढायच्या. शाळेचा कॉम्प्युटर कुणीतरी दान दिलेला, जुनाट. लिहिलेल्या ओळींचा मशीनला कळेल असा प्रोग्रॅम कंपायलर बनवतो; नव्या कंपायलरने तयार केलेला त्यावर चालायचाच नाही. म्हणून विनायकने जुना कंपायलर जपला होता. मी काही नवीन लिहिलं की जुन्यालाही ते पचावं म्हणून तो मध्ये स्वतःच्या चार ओळी घालायचा.

मला त्या ओळी खुपायच्या. का? परदेशातून मेल यायला लागल्या होत्या. कुणीतरी लिहिलं होतं, कोड देखणा आहे. आणि त्यात ही ठिगळं! शिवाय दरवेळी त्याच्यासाठी थांबायचं.

कंटाळा आला, असं सरळ म्हणता आलं असतं ना? पण मग शाळेचा विषय निघाला असता, आणि मी — मी वाईट दिसले असते.

"विनायक, तुझ्या ओळींमुळे नव्या मशीनवर प्रोग्रॅम मधेच बंद पडतोय," मी म्हणाले. "काढून टाकते."

खोटं. काहीही बंद पडत नव्हतं. मी चालवूनसुद्धा बघितलं नव्हतं.

"माझ्याकडं तं बरोबर चालतंय," तो म्हणाला. मग थांबून, "माझंच कायतरी चुकलं असंल. शोधतो."

आणि शोधत बसला. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच बाजूला. कुठल्या फाइलला बंद पडतो? किती पानांनंतर? — मला विचारायचा. मी काहीतरी ठोकून द्यायचे, दरवेळी वेगळं. तो आणखी गोंधळायचा. नसलेली चूक, नसलेला बग सापडणार कसा?

शेवटी त्याने मेलवर प्रोग्रॅम वापरणाऱ्या सगळ्यांची माफी मागितली — माझ्या चुकीमुळे जुन्या मशीनवाल्यांची सोय बंद होते आहे म्हणून. खाली मी लिहिलं, "हरकत नाही."

नव्या आवृत्तीत जोडाक्षरं बिनचूक छापली जायची. शाळेला ती मिळालीच नाही; तिथल्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं चुकायची. जोशीबाई पुन्हा हाताने एकेक ठिपका टोचून पेपर काढायला लागल्या. विनायकने प्रोग्रॅमला परत हात लावला नाही, प्रोग्रॅमिंगच सोडलं. न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात चिकटला.

बऱ्याच वर्षांनी नेरूळला किराणा दुकानात भेटला. घरच्यांची चौकशी झाली. मग तो एकदम म्हणाला, "तो बग गावला का गो शेवटी?"

दुकानात गर्दी नव्हती. मला कसली घाई नव्हती.

"सापडला."

"माझाच होता ना?"

"हो," मी म्हणाले.