सुमन, मी आणि तिची खाडी

मटार सोलत होतो दोघं. इकडे उत्तरेत, हिंदी मुलखात, खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यातल्या आमच्या अंगणात, उन्हाला पाठ करून, मधे परात. सुमनचे हात भराभर चालत होते. माझे दाणे परातीत कमी, तोंडात जास्त. तेवढ्यात तिच्या भावाचा, बबनचा, कोकणातून फोन आला. ‘ताई, गुडघाभर पाण्यात खाडीचो तळ दिसता!’ सुमन अशी हसली की... माझ्यासाठी ती कधी अशी हसल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, ‘आधी मटार सोल.’ तेच शेवटचं बोलणं. त्या रात्री ती झोपेतच गेली.

मी सातवी शिकलेला, मिलमध्ये मागावर उभा राहून जन्म काढलेला माणूस. गोड लिहिता येत नाही. खरं सांगतो, मी त्या खाडीवर जळायचो. सुमनचं माहेर खाडीकाठी. लहानपणी ती आईबरोबर खडकावरची कालवं फोडायला जायची. पुढे बागांतलं खत आणि गावाचं सांडपाणी पावसाबरोबर खाडीत उतरायला लागलं. पाणी हिरवं, दाट झालं, शेवाळ कुजून वास सुटला, कालवं मेली. सुमन सांगायची, ‘अहो, खाडीला उपाशी नाही मारलं, खायला घालून घालून मारलं.’ मुलं मार्गी लागली तशी ती दर हिवाळ्यात दोन महिने तिकडे राहायला लागली. बागवाल्यांशी भांडून काठाची पट्टी गवताला आणि कांदळाला, म्हणजे खारफुटीला, सोडायला लावली, घराघरामागे शोषखड्डे खणून घेतले, रिकाम्या शिंपल्यांच्या माळा पाण्यात सोडल्या, म्हणजे कालवांची पिल्लं त्यांना धरतात. आणि निर्माल्य, पिंड, राख, काही म्हणजे काही पाण्यात टाकू देत नसे. दर वर्षी म्हणायची, ‘चला ना तुम्ही.’ मी म्हणायचो, ‘तू जा, मैं यहीं ठीक हूँ.’

एका वर्षी तर मी फोनवर कण्हलो, ताप आहे म्हणालो. माळा अर्ध्यावर टाकून दोन दिवस गाडीत बसून ती आली, तर मी जिलबी खात बसलेलो. ओरडली नाही. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘खाडीला खोटं बोलता येत नाही. एवढंच तिचं तुमच्यापेक्षा बरं.’

अस्थी घरातच होत्या. हलवायला मन होत नव्हतं. परवा बबनचा फोन आला. ‘भावोजी, ताईक हयसर घेवन येवा. तिच्याच खाडीत सोडू.’ माझं डोकं फिरलं. जिवंतपणी अर्धी नेली, आता उरलेलीही पाहिजे? मी म्हटलं, ‘राख पाण्यात टाकायची नाही, हे तुमच्या ताईनंच शिकवलं ना गावाला?’ फोन ठेवला आणि वाटलं, जिंकलो एकदाचा. मग प्रयागला न्यायचा विचार केला, आणि सुमनचंच बोलणं आठवलं... आपल्या गल्लीतल्या नाल्याचं पाणीसुद्धा नदीतून शेवटी समुद्रालाच जातं. म्हणजे बबनला अडवलं तसा मीही अडलो. मलाही नदी उरली नाही.

काल सकाळी अंगणातल्या पेरूच्या बुंध्याशी खड्डा केला. अर्धी राख तिथे मातीत मिसळली. अर्धी फडक्यात बांधली. ती कोकणात पुरायची, पाण्यापासून लांब, उंचावर. आणि मीच पुरणार, बबनच्या हाती देणार नाही. हात धुऊन तसाच स्टेशनवर गेलो. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, ‘बाबूजी, वापसी का भी बना दूँ?’

मी म्हटलं, ‘पहले देख तो लूँ, ऐसा क्या है वहाँ.’