टँकरच्या बाजूची बास्केट

बास्केट ओळखायची खूण म्हणून मी मामांना पाण्याचा टँकर दाखवला. चूक माझी, आणि ती मी मोठ्या अभिमानानं केली.

मामा म्हणजे आमच्या लातूरच्या घरमालकीणबाईंचे भाऊ. वय पस्तीस, उंची सहा फूट, आणि सांगितलेलं तंतोतंत पाळणारा असा माणूस अख्ख्या गावात दुसरा नव्हता. जन्मापासून त्यांची समज संथ. शाळा दुसरीतच सुटली. पण एखादी गोष्ट अंगात भिनली की भिनली. मी खडूनं एक जागा आखून दिली, तर तिथून ते सकाळपासून जेवणापर्यंत चेंडू टाकत राहत आणि बहुतेक आत जात. हातभर सरकवलं की मात्र सगळं नव्यानं. हुलकावणीला दर वेळी फसत. समोरच्यानं डावीकडे पाहिलं की तिकडे काय आहे म्हणून मामाही डावीकडे बघत. पास मागायला तिघं एकदम ओरडले, तर चेंडू पोटाशी धरून उभे राहत. “येकायेळी येकानं बोला की!” असं वर सुनावत.

जिल्हा नवा, दुष्काळ जुना. नव्या जिल्ह्याचा बास्केटबॉलचा संघ बांधायला मी, कलेक्टर कचेरीतला कारकून, पुढे झालो. कॉलेजात मी राखीव खेळाडू होतो, म्हणजे इतरांचे टॉवेल सांभाळायचो. डाळमिलमध्ये हमाली करणारा आमचा कॅप्टन म्हणाला, “ह्या म्याचला मामाला घेऊ. जमलं तर ठेवू, न्हाई तर न्हाई.” संघाचे बूट मिळाले, तर मामा चार दिवस ते काढायलाच तयार नव्हते.

“मामा, टँकर उभाय ना, त्या बाजूला टाकायचं,” सामना सुरू होताना मी मैदानाच्या टोकाकडे बोट करून म्हणालो. पूर्वार्धात मामांनी चार टाकले. पाण्याच्या रांगेतल्या बायकांनी घागरी बडवल्या. मग मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. टँकर कशाला हलतोय? मामांनी आमच्याच बास्केटमध्ये असा सुरेख चेंडू टाकला, की कडेलाही शिवला नाही.

पुन्हा चेंडू हातात आला तेव्हा सगळेच ओरडत होतो, सर्वांत मोठ्यानं मी. मामा थिजले. चेंडू पोटाशी घट्ट धरला.

“गप बसा समदे!” कॅप्टन गरजला. पलीकडच्या बास्केटखाली जाऊन त्यानं एकट्यानं हात वर केला. “मामा, माझ्याकडं बघा. आता हितं.”

मामांनी थेट त्याच्या हातात पास दिला.

दोन गुणांनी हरलो. ते दोन कुठले, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मामा मात्र रांगेतल्या एकेकीला “जिंकलो” म्हणून सांगत फिरत होते, आणि त्या दुष्काळातही एकीनंही त्यांचं बोलणं खोडलं नाही.

“मामांचं काय करायचं?” मी कॅप्टनला हळूच विचारलं.

बुटाची नाडी सोडता सोडता तो म्हणाला, “मामा ऱ्हातील. पुढच्या म्याचला तुम्ही येऊ नका, सायेब.”