तीन शिफ्टचं लग्न

लग्नाचा खर्च आपणच करायचा, दोन्हीकडच्या आईवडिलांना त्रास द्यायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं तेव्हा आम्हाला आमचंच फार कौतुक वाटलं होतं. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात. दिवसभर घासाघीस करणं हाच पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे लग्न म्हणजे आणखी एक खरेदी, अशी माझी समजूत. ती शाळेत गणित शिकवते. बजेट करायला आणखी काय हवं?

मनीषनगरात मी भाड्यानं राहत होतो. रविवारी ती तिथे यायची आणि आम्ही कात्री घेऊन बसायचो. आधी ड्रोन गेला, मग घोडा गेला, मग स्टेजवरची खरी फुलं गेली. तरी हॉल आणि जेवण मिळून आमच्या ऐपतीबाहेरच राहिलं. शेवटी कापायला उरली माणसं. माझ्या बाजूची फार नव्हतीच. तिच्या बाजूला मात्र खापरखेड्याची अख्खी कॉलनी होती. तिचे वडील तिथल्या पॉवर हाऊसमध्ये ऑपरेटर, आणि ती लहानाची मोठी झाली ती कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये.

"कॉलनीवाल्यांना नंतर पेढे देऊ," मी म्हणालो.

ती म्हणाली, "बाबा दिवाळीनंतर रिटायर होऊन राहिले. क्वार्टर सोडावं लागन. आपल्या हातानं त्या लोकायले जेवू घालायचा हा एकच मोका आहे त्यांच्यापाशी. पण ते तोंडानं कधी म्हणणार नाहीत."

मग विचारूनच येऊ, म्हणून आम्ही मोटरसायकल काढली. सासरे समजूतदार माणूस, ते नक्की हो म्हणतील याची मला खात्री होती. तिला नेमकी तीच भीती होती.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला. "तुमच्यावर बोजा नको," ते म्हणाले. "पण जावईबापू, एक गोष्ट समजली नाही मले. कॉलनीवाले नाही आले तर लग्न करन कोण?"

मला वाटलं, भावनेनं बोलताहेत. पण ते निव्वळ व्यवहाराचं बोलत होते.

"भाजी कोण चिरन? वाढन कोण? तुमची वरात उतरन कोणाच्या घरी? क्वार्टरच्या या ओळीत आतापावेतो असंच होऊन राहिलं. तुम्ही त्यांचं जेवण तेवढं धरलं. ते काय पाहुणे आहेत?"

म्हणजे ज्यांना आम्ही खर्चात धरत होतो ती माणसं जमेत होती. मी गणिताच्या बाईंकडे पाहिलं, बाई खिडकीतून बाहेर बघत डोळे पुसत होत्या. हॉलचा नाद आम्ही तिथेच सोडला.

लग्नाच्या दिवशी जे पाहिलं त्यानं मी अजूनही थक्क होतो. पॉवर हाऊस कधी बंद राहत नाही, म्हणून त्या ओळीतलं लग्नही शिफ्टमध्येच चालतं. रात्रपाळी करून आलेली माणसं अंगावरची राख धुऊन सरळ वांगी चिरायला बसली. दुपारी ती झोपायला गेली, तोवर पहिल्या पाळीवाले सुटून आले आणि वाढपाला उभे राहिले. दुसऱ्या पाळीवाल्यांना संध्याकाळचं लग्न दिसणारच नव्हतं, तर ते सकाळीच मांडवाला डहाळ्या बांधून, नवरीच्या डोक्यावर आगाऊ अक्षता टाकून ड्यूटीवर गेले. कोणी कोणाला काम सांगत नव्हतं. समोरच्या क्वार्टरमध्ये बुंदी पडत होती, शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई माझ्या मामांना आंघोळीचं पाणी काढून देत होत्या. आईनं आपली बॅग कोणत्या घरात ठेवली ते तिला संध्याकाळपर्यंत आठवेना, कारण सगळी घरं सारखीच आणि सगळी उघडीच. कारखान्यात माणसं कामाला लावणारे मी पुष्कळ पाहिलेत. असं काही कधी पाहिलं नव्हतं. बोहल्यावर उभा राहून मी नवरीपेक्षा त्या ओळीकडेच जास्त बघत होतो, आणि नवरीनं कोपरानं ढोसून ते माझ्या लक्षातही आणून दिलं.

मांडवपरतणीला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा सासरे घरोघरी मागून आणलेल्या वस्तू परत करत फिरत होते. मीही दोन गाद्या खांद्यावर घेऊन त्यांच्या मागे निघालो. प्रत्येक दारात ते थोडा वेळ उभे राहत, उगाच काहीतरी विचारत, आणि पुढे जात. समोरच्या क्वार्टरमध्ये त्यांची स्वतःची मोठी कढई राहिली होती.

"वहिनी, कढई देऊन टाका," ते म्हणाले. "दिवाळीनंतर आमचा मुक्काम हालते. मंग गडबडीत इथंच राहून जाते ते."

"राहू द्या ना भाऊ," बाई म्हणाल्या. "न्यायले तरी यावं लागन तुमाले."

सासऱ्यांनी कढई उचलली, उलटी करून पाहिली, आणि पुन्हा तिथेच ठेवली.