कोरड्या रानातली ओली नळी

"भिजलंय म्हनं! भिजलंय! आरं, ह्या रानात मी थुंकलो तर तीन भेगा भांडत्यात त्या थुंक्यासाठी! आन तुमचं मशीन म्हनतंय, रान भिजलंय!"

माझा एक पाय जीपमधून खाली टेकला होता, दुसरा अजून आतच होता, तेवढ्यात ही सलामी झडली. ओरडणाऱ्याचं नाव रंगनाथ. आवाज असा की समोरच्या बाभळीवरचे कावळे उठले ते थेट बिंदुसरेच्या धरणावर जाऊनच बसले असतील. ते मागं वळून बघत होते हे मात्र मी शपथेवर सांगतो.

गाव बीडजवळच्या पालीच्या पुढं, आत वळल्यावर. नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यावरून गाव अजून एकमेकांना चिडवत असेल. पण मी तिथवर पोचलो कसा, ते आधी सांगायला हवं.

आमची एक समिती आहे. किरणं मोजणारी यंत्रं बनवणारे, दुरुस्त करणारे, वापरणारे असे आम्ही लोक देशभर विखुरलेले असतो. कुणी दवाखान्यात, कुणी कारखान्यात, कुणी कॉलेजच्या तळमजल्यावरच्या खोलीत एकटाच, कारण "किरणं" हा शब्द ऐकून शेजारच्यांनी खोल्या बदलून घेतलेल्या असतात. यंत्र अडलं तर विचारायला आसपास माणूस नाही, हे आमच्या धंद्याचं खरं दुखणं. समिती आहे ती त्याच्यासाठी. वर्षातून एकदा सगळ्यांना एका मांडवाखाली आणायचं, नव्यांना शिकवायचं, उसनं यंत्र पाठवायचं, नियम लिहून द्यायचे, आणि कुणी हाक मारली की माणूस धाडायचा. पगार कुणालाच नाही. रविवारी बैठक, आणि चहात साखर किती यावर एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. पण बीडच्या सुनंदा मॅडमचा निरोप आला त्या दिवशी ही मंडळी चहा यायच्या आत एकमतानं म्हणाली, "याला पाठवा." याला म्हणजे मला. निवृत्त मेकॅनिक, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र अजून धार धरून.

पुण्याहून बीडची एस.टी. धरली. बरोबर किरणं मोजायचा एक मापक, जास्तीच्या तारा आणि हत्यारांची पिशवी. खरा किरणोत्सारी माल बसमधून नेत नसतात, त्याची वेगळी गाडी, वेगळे कागद. तो मॅडमकडे कुलपात होता. तरी माझ्या छातीवर आमचा बिल्ला होता. अंगावर किती किरणं पडली ते हा बिल्ला नोंदवतो, म्हणून कामावर तो लावायचाच. नगर सोडल्यावर शेजारचे फेटेवाले काका बराच वेळ त्या बिल्ल्याकडं बघत होते.

"कंच्या पक्षाचा हाय?"

"पक्षाचा नाही हो. किरणं मोजतो."

"मंग निवडून कोन येतंय?"

मी म्हटलं, "ते हा सांगत नाही." काकांनी तोंड फिरवलं. बीड येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. विरोधी पक्षाचा समजले असावेत.

त्या वर्षी पाऊस तोंड दाखवून गेला होता. दिवाळी उलटली होती, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन भाजलेल्या पापडासारखी कडा उचलून बसली होती. समोरून ट्रक येत होते. आत माणसं, भांडी, कोंबड्या, वर बांधलेली बाज. ऊसतोडीला निघालेली अख्खी घरं. एका ट्रकात तर मला चूल पेटलेली दिसली. बरं, पेटलेली नसेल, पण चूल होती.

बीडच्या स्टँडवर सुनंदा मॅडम घ्यायला आल्या होत्या. तिथल्या कॉलेजात शिकवतात, चालताना पळतात, बोलताना श्वास घेत नाहीत. सीताफळांची पाटी घेऊन बसलेल्या बाईकडून त्यांनी एक पिकलेलं फळ माझ्या हातात ठेवलं आणि जीपमध्ये बसवलं. मी बिया खिडकीतून टाकत गेलो आणि त्या हकिगत सांगत गेल्या.

गावात पाणीवापराची सहकारी संस्था. तलाव एकच, आणि त्यात फक्त एक पाळी (शेताला पाणी सोडण्याची एक वेळ) होईल एवढंच पाणी उरलेलं. पूर्वी पाणी वरून खाली सोडायचे. वरची रानं न्हायची आणि शेवटच्या रानांपर्यंत पाण्याची फक्त बातमी पोचायची. तेव्हा मॅडमनी संस्थेला एक गोष्ट पटवली होती, की ज्याचं रान सगळ्यात कोरडं, त्याला पहिलं पाणी. कोरडं कोणतं हे माणूस सांगणार नाही, यंत्र सांगेल. ते यंत्र समितीनंच उसनं दिलेलं. प्रत्येक रानात एक ॲल्युमिनियमची नळी पुरून ठेवायची, तिच्यात यंत्राची कांडी सोडायची. कांडीतून डोळ्याला न दिसणारे कण सुसाट सुटतात, मातीतल्या पाण्याला धडकले की त्यांची मस्ती उतरते, आणि मंदावून परत आलेले कण कांडीच मोजते. परत येणारे जास्त, तर ओल जास्त. एवढंच.

"आणि शेवटचं रान रंगनाथरावांचं," मॅडम म्हणाल्या, "ते यंत्र म्हणतंय सगळ्यात ओलं. मी रानभर फिरून माती उकरली, भाजली, तोलली. कोरडीठाक. म्हणजे यंत्र बिघडलंय. काका, मी कुणाला विचारणार होते? कॉलेजात याला सगळे रेडिओ म्हणतात."

"नळीजवळची माती उकरली?"

"तिथं कुदळ लावायची नाही. आपल्याच समितीचा नियम आहे ना?"

होता खरा. आजूबाजूला दाट काटेरी कुंपण करावं, हाही आमचाच नियम होता.

तर असा मी त्या गावात एका पायावर उतरलो. रंगनाथरावांचं ओरडून झाल्यावर त्यांनी माझा दंड धरला आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "साहेब, येशीपाशी मुकादमाचा ट्रक उभा हाय. उद्या सकाळी निघतोय. तुमी आजच सांगा. पाळी भेटली तर आमी दोघं ज्वारीपाशी ऱ्हातो, न्हाई तर कोयता घिऊन ट्रकात बसतो. येवढंच सांगा, रानात का ट्रकात."

ओरडलेलं परवडलं असतं.

संस्थेचे चेरमन आबा खुर्ची घेऊन आले होते. त्यांचं रान सगळ्यात वर, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणी काढायच्या आत ते स्वतःच काढत. "माझं रान वर हाय म्हनून बोलत न्हाई," ते म्हणाले, "पन मशीन मोडलं आसंल तर मोडलं म्हना. आमी पयल्यावानी वरून पानी सोडतो. कटकट न्हाई, काई न्हाई."

आता यंत्राची परीक्षा घ्यायची तर लागतो एक पिंप भरून पाणी. त्यात बुडाशी बंद केलेली नळी उभी करायची, आत कांडी सोडायची आणि आकडा यंत्र बनवणाऱ्या कारखान्यानं दिलेल्या आकड्याशी जुळतो का बघायचं. मी हे बोललो आणि गाव माझ्याकडं असं बघायला लागलं, जणू मी पिंपभर रक्त मागितलं. टँकर आठवड्याला एकदा येत होता.

मग एक बाई उठल्या, घरात गेल्या, घागर आणली आणि पिंपात ओतली. ह्या कौसाबाई, रंगनाथरावांच्या मालकीण. त्यांच्यामागं दुसरी घागर आली, तिसरी आली. कुणी कळशी, कुणी तांब्या. एका म्हातारबानं आपल्या गडव्यातलं उरलेलं घोटभर ओतलं आणि गडवा उलटा करून दाखवला. मी देशात मोठमोठ्या प्रयोगशाळा पाहिल्या आहेत, पण यंत्र तपासायला इतकी महाग सामग्री कुणी दिलेली नाही. त्या पिंपापुढं मी मनातल्या मनात वाकलो. गुडघ्यांमुळं प्रत्यक्ष वाकता येत नव्हतं.

"हे पानी मागून प्याचं का न्हाई?" आबांनी विचारलं. "किरनं लागलेलं?"

मी पेला बुडवला, सगळ्यांदेखत गटागटा प्यालो. "कांडी नळीत होती. पाण्याला काही होत नाही. आपापलं घेऊन जा."

"ह्यो बिल्लेवाला पानी प्यायलाच आला व्हता बे," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. पण आकडा आला तेव्हा हसू थांबलं. कारखान्याचा आकडा आणि आमचा आकडा अगदी जुळे भाऊ. यंत्र ठणठणीत होतं.

मॅडमचा चेहरा उतरला. आबा खुर्चीत मागं रेलले. यंत्र खरं, म्हणजे रान ओलं, म्हणजे रंगनाथरावांची पाळी गेली. रंगनाथरावांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि वेशीच्या दिशेनं बघत राहिले.

मी म्हटलं, "नळी दाखवा."

शेवटच्या रानात सगळी वरात गेली. ज्वारी वीतभर वाढून तिथंच विचार करत उभी होती. मधोमध नाही, बांधाच्या कडेला नळी, आणि तिच्याभोवती बाभळीच्या काट्यांचं असं कुंपण, की वाघ आला असता तर त्यानं माफी मागून वाट बदलली असती. आत नळीच्या बुडाशी गोणपाट पांघरलेलं.

"कौसाबाईंनी टाकलंय," मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "नळीला ऊन लागू नये म्हणून. मी कधी हलवलं नाही. पहाटे यायचं, कांडी सोडायची, निघायचं."

मी मापक हातात धरून आत शिरलो. काट्यानं आधी पायजमा धरला, मग मला धरलं. मी सुटायला झटका दिला, पायजमा गुडघ्यापर्यंत फाटला आणि मी सबंध देहानिशी त्या गोणपाटावर आपटलो. हात टेकला तो मनगटापर्यंत आत गेला.

चिखल! त्या वर्षी, त्या रानात, हाताला चिखल लागला! आधी मला वाटलं, मला भोवळ आली. मी गोणपाट ओढलं. खाली लिंबाचं रोप. पानं अशी तुकतुकीत, जणू हळद लागलेला नवरदेव. भोवती नीट आळं केलेलं, आळ्यात पाणी.

अख्खं गाव कुंपणावरून वाकून बघत होतं. आणि नेमक्या त्याच वेळी बांधावरून कौसाबाई आल्या, काखेत टोपलं, टोपल्यात खरकट्या पाण्याची डेचकी.

रंगनाथरावांनी ते रोप पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं. "कावून गं? कावून लावलं हितं?"

"शेरडं येत न्हाईत हितं," कौसाबाई म्हणाल्या. "घरापाशी तीनदा लावलं, तीनदा खाल्लं. आख्ख्या शिवारात येवढं दाट कुंपन कुटं हाय?"

"आन ह्ये पानी?"

"भांड्याचं. फेकून देऊ का?" मग माझ्याकडं बघून, "हात निगला का तुमचा? रोप मोडलं न्हाई ना?"

आधी आबा हसले. असे हसले की खुर्ची आणणाऱ्यानं त्यांना धरलं. मग सगळं शिवार हसलं. रंगनाथराव हसले नाहीत. ते मॅडमना म्हणाले, "मंग आता बाकीचं रान मोजा की!"

मॅडम कधीच पळत निघाल्या होत्या. रानाच्या मधोमध भोक पाडलं, नवी नळी उतरवली, कांडी आत सोडली. आकडा आला. मॅडमनी तो मोठ्यानं वाचला, मग दुसऱ्या रानांचे वाचले. शेवटचं रान सगळ्यात कोरडं निघालं.

सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. आबा वर बघत होते, आपल्या रानाकडं. ज्वारी त्यांचीही सुकतच होती, हे मी सांगायला हवं. एवढ्या अंतरावरूनही पिवळेपणा दिसत होता. ते उठले, खुर्ची स्वतः उचलली. "मशीन खरं म्हनलं तर खरं," ते म्हणाले. "सोडा खालून. आन त्या लिंबाला हात लावू नका कुनी."

दिवस कलताना चारीतून पाणी आलं. आधी फेस, मग पालापाचोळा, मग पाणी. रंगनाथराव अनवाणी त्याच्यापुढं उलटे चालत होते, वासराला बोलवावं तसे. मला कौसाबाईंनी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा वाढला. ठेचा असा की पहिल्या घासाला माझं कुलदैवत दिसलं, दुसऱ्याला शेजाऱ्यांचं. फाटका पायजमा त्यांनीच टाके घालून दिला. सकाळी मुकादमाचा ट्रक निघाला, त्यात दोन माणसांची जागा मोकळी होती.

पुढच्या रविवारी समितीत मी हे सगळं सांगितलं. थोडं वाढवून सांगितलं असेल, पण पायजम्याचे टाके पुरावा म्हणून दाखवले. सगळे हसले. मला या मंडळींचं मोल वाटतं. दूरवरच्या एका बाईला आपल्या यंत्रावर शंका आली आणि तिला हाक मारायला जागा होती. ती हाक ऐकणारी ही कटकटी, चहावरून भांडणारी माणसं नसती, तर खरं बोलणारं यंत्र अडगळीत गेलं असतं आणि पाणी वरच्या वरच जिरलं असतं. आमची समितीसुद्धा एक सहकारी संस्थाच आहे. पाण्याऐवजी आम्ही जे काय थोडंफार कळतं ते, ज्याला नड आहे त्याच्याकडं आधी सोडतो.

त्याच बैठकीत नियम सुधारला: कुंपणाच्या आत काहीही लावू नये, पाणी घालू नये. आमच्या सचिवांना गहिवरून आलं होतं. त्यांनी तिथल्या तिथं मॅडमना फोन लावला. मॅडम गावातच होत्या, त्यांनी फोन कौसाबाईंना दिला. सचिवांनी आभाराचं लांबलचक भाषण केलं, त्या पिंपात ओतलेल्या पहिल्या घागरीबद्दल समितीतर्फे नमस्कार सांगितला, सुधारलेला नियम सावकाश, दोनदा वाचून दाखवला, आणि शेवटी विचारलं, "आणि ताई, त्या मधल्या नव्या नळीला कुंपण केलंत ना?"

"केलंय की. दाट केलंय," कौसाबाई म्हणाल्या. "आत शेवगा लावलाय."