इस्त्रीवालीचं कार्ड

आमच्या छापखान्यात पॅकिंगला एक बाई आहे, तिला सगळे काटाताई म्हणतात. खरं नाव हजेरीपटात आहे, तिथेच राहतं. कार्डांचा गठ्ठा नुसता हातात घेतला की ती सांगते, यात दोन जास्त आहेत. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा नंतर आला, आणि पहिल्याच आठवड्यात दोघांचं जमेना तेव्हा काटाच चुकीचा निघाला. त्याच्याखाली कुणाचं तरी खोडरबर अडकलं होतं. वय पंचावन्न, आवाज खणखणीत, आणि जीभ अशी की मालकाचा जावईसुद्धा पॅकिंगच्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करतो.

मी तिथे खेळांचे नियम लिहिते. आमचा सगळ्यात खपणारा बोर्ड गेम भुतांचा आहे. चौघांनी मिळून एका झपाटलेल्या इमारतीतून बाहेर पडायचं. सुटले तर चौघं सुटतात, मेले तर चौघं मरतात. लोकांना तो एवढा आवडला की दरवर्षी त्याला जोडायला एक नवीन पेटी निघते, नवीन जागा, नवीन भुतं. आधी इस्पितळ झालं, मग जहाज. यंदा धुलाईघर होतं.

कल्पना खेळ रचणाऱ्याची. आम्ही त्याला पाठीमागे भुताळ्या म्हणतो. त्याला कुठल्याशा जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण सापडलं: सव्वीस वर्षांपूर्वी भर दुपारी एका धुलाईघराला आग लागली, अकरा मुली गेल्या. चौकशीचा निष्कर्ष असा, की त्यांच्यातल्याच एकीने इस्त्री चालू ठेवली होती. सोबत तिचा फोटोही होता. "आयतं भूत मिळालं!" म्हणत तो नाचत माझ्या टेबलाशी आला. मी त्या भुताच्या कार्डावर लिहून दिलं: ‘इस्त्रीवाली. हिच्या हलगर्जीपणामुळे दहा जणी जळाल्या. अजून ती कुणाला तरी शोधते. एकाला जरी शिवली तरी चौघं बाद.’ लिहिताना मला मजा आली होती. लपवून काय करू?

छापायला देण्याआधी आमच्याकडे आंधळी चाचणी होते. ज्यांनी खेळ कधी पाहिला नाही अशा चौघांना पेटी द्यायची. त्यांनी नियम वाचायचे आणि खेळायचं. आम्ही बनवणारे भिंतीला टेकून बसणार, आणि काही झालं तरी एक शब्द बोलणार नाही. नियम कुठे कळत नाही ते त्याशिवाय समजत नाही. त्या दिवशी बोलावलेले चौघं आलेच नाहीत. भुताळ्याने पॅकिंगमधल्या चौघींना बसवलं. काटाताई इतकी वर्षं आमचे खेळ पेट्यांत भरत होती, खेळली एकदाही नव्हती.

पहिला अर्धा तास हसण्यात गेला. एकीची सोंगटी वाफेच्या खोलीत अडकली तर बाकीच्या म्हणाल्या, राहू दे तिला तिथेच, सर्दी तरी जाईल. मग काटाताईने गठ्ठ्यातलं कार्ड उचललं. मोठ्याने वाचायला लागली आणि दुसऱ्या ओळीवर थांबली. कार्ड डोळ्यांजवळ नेलं. चित्रकाराने कात्रणातल्या फोटोवरूनच चेहरा काढला होता: दोन वेण्या, डाव्या भुवईत खाच.

"ही माझी धाकटी बहीण आहे," ती म्हणाली.

बाकीच्या तिघी कार्डावर वाकल्या.

"ही भुवई मी फोडली होती. मी नऊ वर्षांची, ही पाच. झोपाळ्यावरून ढकललं होतं." तिने कार्ड पटावर ठेवलं, नीट, कोपरे जुळवून. "हलगर्जीपणा कुणी लिहिलंय?"

मी मूग गिळून बसले. नियमाच्या आडोशाला इतकी निर्लज्जपणे मी आयुष्यात कधी लपले नव्हते.

मग तीच बोलत राहिली. दोघी बहिणी त्या धुलाईघरात कामाला. काटाताई पुढे कपडे मोजून घ्यायला, धाकटी मागे इस्त्रीला. ती इस्त्री बंदच होत नसे. बटण दाबलं तरी तापलेली राहायची. धाकटीने मालकाला तीनदा सांगितलं होतं, तिसऱ्यांदा तर रडून. आणि मागचं दार बाहेरून कुलूप लावून बंद असायचं, कारण मुली चादरी पळवतात असा मालकाला संशय. किल्ली त्याच्या खिशात आणि तो जेवायला घरी.

"एकवीस जणी होतो. पुढच्या बाजूने दहा बाहेर आल्या. मी रस्त्यावर उभी राहून मोजलं. पुन्हा मोजलं. बाकीच्या सगळ्या त्या मागच्या दाराशी सापडल्या." ती आमच्याकडे वळली. "चौकशीला आलेल्या साहेबाने कुलपाचं एक अक्षर लिहिलं नाही. हलगर्जीपणा लिहिलं. बाकीच्या दहा जणींच्या आया आमच्या आईशी परत कधी बोलल्या नाहीत. आईला शेवटी तेच खरं वाटायला लागलं होतं. मरताना म्हणाली, धाकटीने असं करायला नको होतं. आणि तुम्ही तेच आता किती पेट्यांत घालणार? तीन हजार? बोला की! वाचा बसली का?"

भुताळ्याने घसा खाकरला. "ताई, आम्ही नाव कुठे वापरलंय? कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना."

"बघतो," तो म्हणाला.

काय बघितलं ते मला दोन दिवसांनी फाईलमध्ये दिसलं. दोन वेण्यांचा अंबाडा केला होता आणि भुवईतली खाच भरून टाकली होती. खालच्या ओळी जशाच्या तशा. एवढीच त्या माणसाची माणुसकी! मी त्याच्याशी भांडायला गेले, तर म्हणाला, "छपाईच्या प्लेटा तयार होऊन गेल्या. आणि ओळी तुझ्याच आहेत." ते खरं होतं, म्हणून तर आणखी संताप आला. तरीही मी नुसतं तोंडी भांडून जागेवर येऊन बसले. माझ्या हातून एवढंच झालं.

काटाताईने भांडण केलं नाही. छापलेली कार्डं पॅकिंगला आली त्या सकाळी तिने टेबलावरच्या सातही जणींना सांगितलं, "हे एक घालायचं नाही." कुणी कारण विचारलं नाही; त्यातल्या तिघी त्या चाचणीत होत्याच. प्रत्येक पेटीत ते एक कार्ड सोडून बाकी सगळं जाऊ लागलं, आणि प्रत्येक पेटी काट्यावर ठेवली की काटा ठणाणा करू लागला, वजन भरत नाही म्हणून. तासभर सगळ्या छापखान्यात तोच आवाज. शेवटी भुताळ्या धावत खाली आला. त्याच दिवशी ट्रक यायचा होता.

"हे काय चाललंय?"

"ते कार्ड आम्ही भरणार नाही," काटाताई म्हणाली.

"मग उद्यापासून येऊ नका!"

"बरं." तिने ॲप्रन सोडला, घडी घातली. तिच्याबरोबर सात ॲप्रन सुटले. चौघांनी मिळून सुटायचा खेळ विकणाऱ्या त्या शहाण्याला, आठ जणी मिळून उठल्या तर काय करायचं ते सुचेना. त्याने घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "काय हवंय तुम्हाला?"

"मालकाचं कार्ड करा. कुलूप लावणाऱ्याचं. ते घालतो आम्ही."

ट्रक दोन दिवस पुढे ढकलला. कार्ड मला लिहायचं होतं. मी रात्रीचा दिवस केला नाही, पण या वेळी जीव ओतला. दुपारी कागद घेऊन पॅकिंगच्या खोलीत गेले, आणि दारावर टकटक केली.

तिने उभ्यानेच वाचलं. मी लिहिलं होतं, की चौघांनी मालकाला गाठलं की किल्ली मिळते.

"हे खोडा. तो कुणाला गाठता आला नाही. एक्याऐंशीव्या वर्षी स्वतःच्या पलंगावर मेला, नातवंडं जवळ होती."

"मग खेळणारे सुटणार कसे?"

"दार फोडून. सगळ्यांनी मिळून."

मी लिहून घेतलं. खाली आणखी चार ओळी होत्या. त्या तिच्यासाठीच लिहिल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्याबद्दल ती मला माफ करील अशी आशा होती. ‘धाकटी. ही भूत नाही. धुरातून वाट दाखवते. जिथे ही असेल तिथे कुणी मरत नाही.’

तिने त्या वाचल्या. तिचा चेहरा तापलेला मी पुष्कळदा पाहिला होता, असा कधी नाही.

"हेही नको."

"पण ताई, यात ती चांगली आहे. सगळ्यांना वाचवते."

"मरून सव्वीस वर्षं झाली तिला," काटाताई म्हणाली. "अजून तिच्याकडून काम करून घेताय?"